पोरी घडवायच्या तर एकदा तेहरानला जाऊन ये

3 ऑक्टोबर 2014. आज दसरा. हिंगोलीत रामलीला मैदानाकडे रावणदहन बघायला माणसांची रीघ लागलीय आणि तू मात्र दक्षिण कोरियात, इंचॉनला, कबड्डीच्या मॅटशेजारी उभी आहेस. आशियाई स्पर्धेत महिलांची अंतिम लढत आत्ताच संपली. भारत 31, इराण 21. आपल्या पोरी एकमेकींना उचलून घेताहेत. पण तू हिंगोलीतल्या कॉलेजात मुलींचा संघ घेतेस, त्यामुळे तुझी नजर हरलेल्या संघाकडे जाऊ दे. डोकं झाकून खेळलेल्या त्या मुली सामान आवरताहेत. त्यांना नीट बघून ठेव.

आता 2017, तेहरान. सरावाच्या हॉलमध्ये सगळ्या बायकाच. डोक्यावर रुमाल बांधलेल्या मॅडम शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. सगळी नोकरी महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून इथे आल्या. शाकाहारी बाईला या देशात रोजचं जेवणसुद्धा सोपं नाही. समोरच्या मुलींची भाषा फारसी. मग मॅडम फारसी शिकल्या. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. पकड चुकली की का चुकली ते त्याच क्षणी सांगावं लागतं. दुभाष्या तोंड उघडेपर्यंत पुढची चढाई सुरू झालेली असते.

कोपऱ्यात बसून सराव बघ. मॅडमनी आधी योगासनं आणि प्राणायाम लावलाय. तुझ्या कॉलेजात मुली या वेळी मैदानाला फेऱ्या मारतात. फेऱ्या हव्यातच, पण चढाई तीस सेकंदांची आणि तीही एका दमात. दम तुटला की चढाई करणारी बाद. सहा-सात जणींच्या गराड्यात शिरून, बोनस रेषा ओलांडून, मध्यरेषेपर्यंत परत येईतो श्वास पुरवायचा असतो. घाबरलेल्या पोरीचा श्वास पायांच्या आधी संपतो, म्हणून मॅडम सुरुवात श्वासापासून करतात. हे वहीत लिहून घे.

24 ऑगस्ट 2018. जकार्ता. कालच इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलंय. 1990 पासून प्रत्येक आशियाई सुवर्ण जिंकणारा आपला पुरुष संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीविना परत जाणार. आज महिलांची अंतिम लढत, पुन्हा भारत आणि इराण. भारताच्या संघात महाराष्ट्राच्या सायली केरीपाळे आणि सोनाली शिंगटे आहेत आणि पलीकडच्या बाकावर नाशिकच्या मॅडम. मध्यांतराला भारत 13, इराण 11. तुझ्या हाताला घाम सुटलाय. दुसऱ्या डावात इराणच्या मुली घाई करत नाहीत आणि शेवटची शिट्टी होते तेव्हा फलकावर 27-24. इराणला सुवर्ण.

आपल्या पोरी रडताहेत. तुझाही गळा दाटून आलाय, येणारच. तरी टाळ्या वाजव. मॅडमनी देशाशी दगा केला, असं कुणी म्हणालं तर तिथेच खोडून काढ. प्रशिक्षकाची निष्ठा समोर बसलेल्या मुलींशी असते, आणि महाराष्ट्रातल्या एका बाईची विद्या आशियात पहिली ठरली याचा मला तरी अभिमानच वाटतो.

पाच वर्षांनी हांगझोऊला भारत चिनी तैपेईला 26-25 असं हरवून ते सुवर्ण परत घेईल. इराणला कांस्य मिळेल. ते बघायला थांबू नकोस. तुला हिंगोलीत काम आहे.

नांदेडच्या विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलीय आणि औंढ्याकडची तुझी सगळ्यात चपळ चढाईपटू आठवडाभर सरावाला आलेली नाही. तिच्या वडिलांचं म्हणणं तुला पाठ आहे, "मॅडम, लेकीला परगावी मुक्कामी कसं धाडावं?" कॉलेजातून फोन करून हे सुटणार नाही. आज संध्याकाळीच तिच्या घरी जा. आधी तिच्या आईजवळ बस. पदकांचं नंतर बोल. कोणत्या गाडीनं जायचं, मुक्काम कुठे, रात्री मुलींसोबत कोण झोपणार, परत किती वाजता, हे सगळं सांग, आणि तुझा नंबर त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहून दे.