कारवीची नावे

खंडाळ्याच्या वनस्पतींचा इतिहास लिहायचा तर तो एका पोस्टखात्यातील अधिकाऱ्यापासून सुरू करावा लागतो. जॉन ग्रॅहम हा स्कॉटिश गृहस्थ मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि मुंबईकरांना घाटमाथा जवळ आला. मुंबई व परिसरातील वनस्पतींची ग्रॅहमची सूची १८३९ साली निघाली. परंतु तिची छपाई पुरी होण्याआधीच, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, तो खंडाळ्यातच वारला. उरलेले काम जोसेफ निम्मो याने पार पाडले.

ग्रॅहमचे नाव मात्र मावळातल्या एका झुडपाला चिकटले. मद्रासकडील वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट याने १८५० च्या सुमारास आपल्या चित्रग्रंथात ‘स्ट्रोबिलँथस ग्रॅहमिॲनस’ अशी एक जात नोंदवली. ही आपली कारवीच. पण नीस फॉन एझेनबेक या जर्मन पंडिताने १८३२ मध्येच तिला ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसस’ म्हटले होते. कॅलोसस म्हणजे घट्टे पडलेला. कारवीच्या खरबरीत, पुटकुळ्यांच्या खोडाला ते शोभतेच. एकाच वनस्पतीला दोन नावे मिळाली असतील, तर आधीचे नाव टिकते, हा शास्त्राचा नियम. ग्रॅहम मागे पडला.

असा घोळ का व्हावा? कारवीची ओळख पटते ती मुख्यतः फुलावरून, आणि फुलते ती सात-आठ वर्षांतून एकदा. संपूर्ण उतार एकाच पावसाळ्यात जांभळा-निळा होतो, बी धरते आणि सगळी झुडपे मरतात. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हा बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. मधल्या वर्षांत आलेल्या अभ्यासकाला नुसती पाने दिसणार! त्यातच शेजारी तिची भावंडे उभी असतात: पठारावर टोपलीसारखी गोल, बुटकी वाढणारी टोपली कारवी, आणि चिकट कणसांची व्हायटी.

यांना एकाच कुळीत ठेवावे की वेगळे करावे, हा वाद मोठा आहे. उत्रेख्तचे प्राध्यापक ब्रेमेकांप यांनी १९४४ साली, ऐन महायुद्धात, स्ट्रोबिलँथस ही अवाढव्य प्रजाती फोडून अनेक नव्या प्रजाती केल्या. त्यांतील एकीचे नाव ‘कार्व्हिया’! आपल्या ‘कारवी’चेच ते लॅटिन रूप. महाराष्ट्रातील अनेक वनस्पतिग्रंथांनी ‘कार्व्हिया कॅलोसा’ हे नाव स्वीकारले. पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीस, फाळणी अमान्य झाली आणि कारवी पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये जमा झाली. शास्त्रीय कारणे सबळ असतील, त्याबद्दल तक्रार नाही. तरीही अर्धशतकभर लॅटिनमध्ये नांदलेला मराठी शब्द असा परत यावा, याची भाषेच्या विद्यार्थ्याला चुटपुट लागतेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘टोपली कारवी’ या नावात जातिवाचक शब्द ‘कारवी’ आणि भेददर्शक शब्द ‘टोपली’ आहे. लिनिअसने १७५३ साली रूढ केलेली दोन पदांची रीत याहून फार वेगळी नाही. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना फुलाची वाट पाहावी लागली नाही. झुडपाचा घाटच त्यांना पुरेसा होता. आणि उपयोगाची कसोटी होतीच. मावळातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांचे कुड कारवीच्या काठ्यांचे असत, वरून शेणामातीचा लेप. कुडाला सरळ, उंच काठी लागते. ती बुटक्या टोपली कारवीतून कोठून मिळणार?

फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइटांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणाऱ्या या अभ्यासकाने घाटमाथ्याच्या एवढ्याशा टापूवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यानंतर लोणावळा-खंडाळ्याच्या उतारांवर बंगले आणि रस्ते वाढले. एकाच वयाची कारवी बी धरण्याआधी तोडली गेली, तर त्या उतारावर पुढची पिढी उगवत नाही.