शेंदराचा दगड आणि शारजाचा बाजार

अमूर्त कला म्हणजे मुंबई-पुण्याच्या गॅलरीतला, इंग्रजी बोलणाऱ्यांचा शौक, असं आपल्याकडे धरून चालतात. चित्रात घोडा नाही, बाई नाही, झाड नाही, नुसता रंग. मग ‘हे तर आमचं पोरगंही काढील’ हा शेरा ठरलेला. मला या शेऱ्याची गंमत वाटते. कारण परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. वेशीजवळ, बांधावर, लिंबाच्या बुडाशी शेंदूर लावलेला एखादा दगड दिसतोच. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. शेरा मारणारा तोच माणूस तिथे मात्र चप्पल काढून उभा राहतो. ‘यातून काय सांगायचंय?’ असं दगडाला कुणी विचारत नाही.

घडवलेली मूर्ती नसलेल्या अशा देवाला मराठीत तांदळा म्हणतात. कुठे तो म्हसोबा असतो, कुठे मुंजा, कुठे मरीआई. दगड एकसारखेच दिसतात, नावं वेगळी. कोणता कोण, हे दगडावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते गावाच्या आठवणीत असतं. आणि शेंदूर म्हणजे काय, तर शिशाची लाल भुकटी. ती तेलात कालवून लावतात. युरोपातले जुने चित्रकारही हाच रंग वापरत. थोडक्यात, आपल्या आज्या-पणज्या पिढ्यान्‌पिढ्या उघड्या रानात तैलरंगाचं काम करत आल्या आहेत.

कुणी म्हणेल, मूर्ती घडवता येत नव्हती म्हणून दगड पुजला. पण याच जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यात धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर उभं आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी देवळं आहेत. तिथलं कोरीवकाम बघितलं की या मातीत हात किती तयार होते ते कळतं. देऊळ उभारायला राजा किंवा सावकार लागतो, हे खरंच. पैसा हे एक कारण होतंच. पण तेवढंच कारण असतं, तर पुढे पैसा आल्यावर तांदळे लगेच नाहीसे झाले असते. ते देवळांच्या शेजारी, देवळांइतक्याच मानानं टिकून राहिले. आकार न देणं ही लोकांनी जपलेली रीत होती. मराठवाड्याला ती नवी नाही. अजिंठ्याची नऊ आणि दहा नंबरची लेणी इसवी सनाच्या आधी कोरायला घेतली. तिथे पूजेचं केंद्र बुद्धाची मूर्ती नसून साधा, गोलाकार स्तूप आहे.

या दगडांकडे इतिहासाचा पुरावा म्हणून बघायला शिकवलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा माणूस मुळात गणिती. पुण्याच्या आसपास पायी हिंडून त्यांनी शेंदूर लावलेल्या देवींच्या जागा तपासल्या. अशा जागांच्या जवळ त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडली. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ सालच्या पुस्तकात त्यांनी मांडणी केली, की यातल्या कित्येक जागा जुन्या पायवाटांच्या तिठ्यांवर, गुरं घेऊन फिरणाऱ्यांच्या मुक्कामांवर आहेत. म्हणजे दगड काय आहे याच्याइतकंच, तो कुठे आहे हेही महत्त्वाचं. तो उचलून दुसरीकडे ठेवला, की निम्मा इतिहास गेला.

दुसरी गोष्ट थरांची. नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप २०२२ साली काढला. हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला आणि आतून कोरीव मूर्ती दिसली. तिथे मूर्ती आधीपासून घडवलेली होती; भक्तांच्या हातांनी थरावर थर चढवत तिचे बारकावे झाकले. आकार असा हळूहळू रंगात विरघळतो, हे वाचताना मला वासुदेव गायतोंडे आठवतात. नागपूरला १९२४ साली जन्मलेले, १९४८ साली जे. जे. मधून बाहेर पडलेले गायतोंडे रोलरनं रंगाचे थर चढवत, काही खरवडून काढत. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ हे लेबल त्यांना पसंत नव्हतं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. गायतोंडे शेंदरी दगड बघून चित्रं काढत, असं मी म्हणत नाही. पण वस्तू दाखवल्याशिवाय नजर थांबवून धरता येते, हे आपल्याला गुगेनहाइमनं शिकवण्याची गरज नव्हती.

आता जरा शारजाला जाऊ. आखातात कामाला गेलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. तिथला हसन शरीफ (१९५१–२०१६) हा आधी व्यंगचित्रकार होता. इंग्लंडमध्ये कला शिकून १९८४ साली तो परतला. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू, दोर, पुठ्ठे, चपला, असलं घेऊन त्याचे ढीग आणि गाठोडी करणं हे त्याचं काम. १९८५ साली त्यानं शारजाच्या मध्यवर्ती बाजारात एका दिवसाचं प्रदर्शन मांडलं. सौदा करायला आलेल्या माणसांसमोर. लोकांना समजावं म्हणून तो कलेवर अरबीत लिहीत राहिला, भाषांतरं करत राहिला. त्याचा सोबती मोहम्मद अहमद इब्राहिम खोरफक्कानचा. तो डोंगरातले दगड गोळा करतो, त्यांची वर्तुळं मांडतो, दगडांना तांब्याची तार गुंडाळतो. २०२२ साली व्हेनिसच्या बिएनालेत यूएईच्या दालनात त्याचंच काम होतं.

एका दिवसाचं प्रदर्शन म्हटलं, की मला वेळ अमावस्या दिसते. लातूरला लागून असलेल्या गंगाखेडच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप करतात. आत पाच दगड मांडतात, त्यांना रंग लावतात. ते पांडव. ना गदा, ना धनुष्य. तरी लहान पोरालाही ते पाच कोण हे माहीत असतं. आंबील, भज्जी होते, गोतावळा जेवतो. दिवस मावळला की सगळं संपलं. फरक एवढाच, की शरीफला बघणारा माणूस नव्यानं तयार करावा लागला. आपल्याकडे तो होताच.

यात सगळं गोडच आहे असं नाही. गाभाऱ्यात कुणी जायचं हे जात ठरवत होती. बांधावरच्या दगडाला दार नव्हतं, हे त्याचं मोठेपण. पण वस्तीगणिक दगडही वेगळे होते, आणि कुणाच्या दगडाला गावानं मान द्यायचा, हेही ठरलेलं होतं. तो इतिहासही याच शेंदराखाली आहे.

आता हे दगड झपाट्यानं बदलताहेत. जीर्णोद्धाराच्या नावानं आधी सिमेंटचा ओटा होतो, मग फरशी, मग पत्र्याचं शेड. दगडाला चांदीचे डोळे बसतात, मुखवटा चढतो. शेवटी संगमरवरी मूर्ती येते आणि तांदळा मागच्या भिंतीला टेकतो. रस्ता रुंद झाला तर तोही जागेवर राहत नाही. भावना खोटी असते असं नाही. आपल्या देवाला चांगलं घर मिळावं असंच लोकांना वाटतं. पण नाव लोकांच्या तोंडी आणि अर्थ जागेत, असा ज्याचा कारभार, त्याचं दोन्ही एकदम जातं.

म्हणून एक छोटं काम सुचवतो. फोन हातात आहेच. गावाकडे गेलात की अशा दगडाचा फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दोन गोष्टी विचारा: याचं नाव काय, आणि हा इथेच का? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत रेकॉर्ड करा.