आठवण आणि आशा

आई गेली तेव्हा आमच्या मानपाड्याच्या घरी सांत्वनाला येणारा प्रत्येक जण ‘आता विसरा’ म्हणे. मला मात्र पंडिता रमाबाई आठवत.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने उपासमारीने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण जुने दुःख पुसून टाकले नाही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःची भूक आठवूनच त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले.

१९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्था तिच्याच हाती सोपवायची होती. तरीही रमाबाईंनी बायबलचे भाषांतर सोडले नाही. खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीतले ते काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

गेलेली माणसे देवाघरी पुन्हा भेटतील, ही ख्रिस्ती आशा. त्या भेटीपर्यंतचे दिवस रमाबाईंनी जिवंत माणसांना दिले.

आता मी कुणाकडे सांत्वनाला गेलो, की ‘विसरा’ म्हणत नाही. गेलेल्या माणसाविषयी विचारतो.