एस्प्लनेड मैदानाची हकीकत

मुदखेडच्या माळावर विटीदांडू खेळताना ही जागा कोणाची, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. मुंबईकरांना मात्र तो पडला. किल्ल्याबाहेरील एस्प्लनेड मैदानावर पारशी व हिंदू तरुण क्रिकेट खेळत. तेथेच मूठभर गोरे साहेब पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडली. १८८१ साली शेकडो खेळाडूंनी एकाच अर्जावर सह्या करून सरकारकडे दाद मागितली. पोलो एकदा हलविला गेला, पण साहेबमंडळींच्या तक्रारीवरून परत आला! शापुरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात हा झगडा नोंदविला आहे. इतिहास शिकविण्यात हयात घालवूनही आम्ही तो वर्गात सांगितला नाही, याची खंत वाटते. पुढे समुद्रकाठी पारशी, मुसलमान व हिंदू यांना जिमखान्यांसाठी निरनिराळ्या जागा मिळाल्या. १९०७ पासून पारशी आणि हिंदू संघ तिरंगी सामन्यांत परस्परांविरुद्ध उतरू लागले. हे धर्मवार सामने १९४६ साली कायमचे थांबले.