पालवस्ती : निवारा आहे, पत्ता नाही

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांना भीमा नदी विभागते. या भागात गावकुसाबाहेरच्या पडीक जागेत, गायरानात वा रस्त्याकडेला भटक्या-विमुक्तांची पाले पडलेली दिसतात. चार बांबू, जुनी लुगडी किंवा ताडपत्री आणि ताणून बांधलेली दोरी, एवढेच पालाचे साहित्य.

पालाशेजारीच कोपीचाही उल्लेख करावा लागतो. पाटसचा 'भीमा' व न्हावऱ्याचा 'घोडगंगा' हे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यावर बीड, नगरकडील ऊसतोडणी मजूर गाळप हंगामात येथे येऊ लागले. चटया, बांबू व पाचटाची त्यांची झोपडी म्हणजे कोपी. हंगाम सरला की कोपीतले कुटुंब गावच्या घरी परतते. पालातल्या कुटुंबाला परतण्यासारखे ठिकाणच नसते.

याचे मूळ कायद्यात आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांसह अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडील हजेरी व तारेच्या कुंपणातील वसाहती त्यांच्या वाट्याला आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. मात्र त्यासोबत जमीन मिळाली नाही, आणि संशयही संपला नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केलाच.

राज्य शासनाने २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. त्यात कुटुंबाला ५ गुंठे जागा व २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद होती. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडत असल्याने त्यांच्यासाठी शबरी घरकुल योजना आहे. खरी अडचण दाखल्याची. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त व भटक्यांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या, तर अनुसूचित जमातींकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा दर महिन्याला गाव बदलत होते, त्यांनी तो कोठून आणावा?

गायरानावर मुक्काम करावा, तर तेथेही आधार नाही. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती व जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार भाडेपट्ट्याने दिलेल्या जागांचा अपवाद त्याच निकालात आहे. पण पालाखालच्या जागेचा पट्टा सहसा कोणाच्याच नावे नसतो.