चर्चच्या फाटकाबाहेरचे भिक्षेकरी आणि आपला दानधर्म

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनासाठी भाविकांची रीघ लागते. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीची यात्रा भरते. दोन्ही ठिकाणी हात पसरून बसलेली माणसे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. पैसे द्यावेत की न द्यावेत, हा प्रश्न मनात घेऊनच आपण आत शिरतो.

प्रथम कायद्याविषयी. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हा गुन्हा ठरविला. पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात आणि न्यायालय त्या व्यक्तीस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवू शकते. असे एक गृह चेंबूरला आहे. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता; परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. गरिबीबद्दल माणसाला कोंडणे न्याय्य नव्हे, हे आम्हासही पटते.

भिकारी आणि बेघर यांची आपण नेहमी गल्लत करतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. पदपथावर निजणाऱ्यांत हमाल, बांधकाम मजूर, कचरावेचक पुष्कळ असतात. ते कष्ट करतात, भीक मागत नाहीत. त्यांना नाण्याची नव्हे, छपराची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या प्रमाणानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, म्हणजे मुंबईत सव्वाशेच्या आसपास. शहर त्या आकड्यापासून फार दूर राहिले आहे.

माहीममध्येच काही खाणावळींबाहेर भुकेले लोक रांगेने उकिडवे बसलेले दिसतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर चार-पाच जणांचे पैसे भरतो आणि तितक्यांना जेवण मिळते. दात्याने कोणाचा धर्म विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. लहान मुलांच्या हाती मात्र पैसे देऊ नयेत. मुलांना भिकेला लावणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. संशय आल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे.

“पैसे दिले तर दारूच पिईल” हा आक्षेप आपल्या धर्मग्रामांतही सर्रास ऐकू येतो. (बोलणाऱ्याच्या घरच्या लग्नात काय चालते, ते सोडून देऊ.) मिलान येथील बेघरांच्या मासिकाला २०१७ साली दिलेल्या मुलाखतीत पोप फ्रान्सिस यांनी या आक्षेपास उत्तर दिले होते: गरजवंताला देणे केव्हाही योग्यच; मात्र देताना त्याच्या डोळ्यांत पाहावे, हाताला हात लागू द्यावा. पोप लिओ चौदावे यांनीही २०२५ च्या ‘दिलेक्सी ते’ या पत्रात भिक्षादानाची पाठराखण केली. चांगले काम मिळवून देणे ही सर्वांत मोठी मदत, पण ते साधत नाही तोवर हात आखडू नये, असा त्यांचा आशय आहे.

यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे, हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभू येशूने त्याला आधी काय हवे ते विचारले. आपण मात्र न विचारता नाणे टाकतो आणि पुढे जातो. फाटकाशी बसलेल्या मावशींना नाव विचारून पाहावे. हवे असेल ते पायातले असेल, औषध असेल, गावचे तिकीट असेल किंवा हरवलेले आधारकार्ड असेल. एकट्याने झेपण्याजोगे नसेल तर धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना सांगावे. अशा भेटींना ते जोडीने जातात. निराधार व आजारी माणसासाठी भायखळ्याच्या ‘आशादान’मधील मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनींकडे विचारणा करता येते.