उमेदवार आपला, निवड कोणाची?

राजकीय पक्षांतील दलितांच्या स्थानाची चर्चा निघाली की आपण आकडे विचारतो. अमुक पक्षाने तिकिटे किती दिली? मंत्री किती केले? हे विचारलेच पाहिजे. पण त्याआधी आणखी एक गोष्ट विचारावी लागते : तिकीट देणारा कोण, आणि निवडून आलेला माणूस जाब देतो कोणाला? या कसोटीवर १९३२ ते १९५२ ही वीस वर्षे मी येथे तपासू इच्छितो.

पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांतील अस्पृश्यांच्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. मात्र स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्यांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतला एक संयुक्त मतदारसंघाने पाठवायचा, अशी तडजोड झाली. संयुक्त मतदारसंघात बहुमत सवर्णांचे. त्यामुळे चौघांपैकी सवर्णांना सर्वांत कमी अडचणीचा कोण, यावर निकाल ठरण्याची सोय झाली.

तरीही १९३७ मध्ये मुंबई प्रांतात वेगळे घडले. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. त्याने बहुसंख्य राखीव जागा जिंकल्या. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर हे अस्पृश्येतर कार्यकर्तेही याच पक्षातर्फे निवडून आले. अस्पृश्याच्या नेतृत्वाखाली सवर्ण कार्यकर्त्यांनी काम करावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यांना जोडणारा धागा दयेचा नव्हता. खोतीविरुद्धचा लढा हा तो धागा होता, आणि जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईवर आला.

याच काळात काँग्रेसमध्ये काय चालले होते? १९३७ च्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात एकही अस्पृश्य मंत्री नव्हता. मद्रास प्रांतात मुनुस्वामी पिल्ले आणि बिहारात जगलाल चौधरी मंत्री झाले, म्हणजे काँग्रेसला हे अशक्य नव्हते. मध्यप्रांतात जुलै १९३८ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांनी आपल्या फेररचित मंत्रिमंडळात अग्निभोज यांना घेतले. ते मंत्रिमंडळ काही दिवसांतच श्रेष्ठींच्या आदेशाने गेले आणि रविशंकर शुक्ल मुख्य मंत्री झाले. काँग्रेसच्या मते हा शिस्तभंगाचा प्रश्न होता. खऱ्यांनी सहकाऱ्यांना दूर करून गव्हर्नरकरवी नवे मंत्रिमंडळ बनवले होते, हे खरेच आहे. पण अस्पृश्याला मंत्री करणे हेही वरिष्ठांना रुचले नव्हते, असे खऱ्यांचे म्हणणे होते, आणि बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. हेतूविषयी वाद घाला. परिणामाविषयी वाद नाही. अग्निभोजांचे मंत्रिपद ज्या भांडणात आले आणि गेले, त्या भांडणात अस्पृश्य समाजाला मत नव्हते.

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची धूळधाण झाली. प्राथमिक फेरीत अस्पृश्यांनी ज्यांना पुढे केले ते अंतिम फेरीत पडले, ही बाबासाहेबांची तक्रार होती. त्याच वर्षी गणपतराव तपासे मुंबईत काँग्रेसचे मंत्री झाले. फेडरेशन उभे राहिल्यानंतर काँग्रेसला अस्पृश्य मंत्री सापडला, हा मला योगायोग वाटत नाही. बाहेर स्वाभिमानी पक्ष असला की आतल्या माणसाचा भाव वाढतो.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात नारायणराव काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे १४ हजार मतांनी पराभव केला. मते कुजविण्याचा प्रचार त्या वेळी झाला आणि प्रकरण निवडणूक अर्जापर्यंत गेले. काजरोळकर चर्मकार. त्यांना 'हस्तक' म्हटले की आपले काम संपते, असे मी मानत नाही. त्याच निवडणुकीत सोलापुरातून फेडरेशनतर्फे पां. ना. राजभोज निवडून आले, तेही चर्मकारच. जात दोघांची एक, पण एकाला फेडरेशनमध्ये जागा मिळाली आणि दुसऱ्याला काँग्रेसमध्ये. फेडरेशनचे दार चर्मकारांना बंद नव्हते. तरी त्यांच्यातील व मातंगांतील पुष्कळांना ते महारांचे घर का वाटले, याचे उत्तर आपणच दिले पाहिजे.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ साली स्थापन झाला. त्याच्या पॉलिट ब्यूरोत पहिला दलित सभासद, रामचंद्र डोम, २०२२ मध्ये आला. काँग्रेसने कार्यकारिणीतील निम्म्या जागा दलित, आदिवासी, मागासवर्गीय, अल्पसंख्य, महिला व तरुणांसाठी राखण्याचा निर्णय २०२३ मध्ये रायपूरला घेतला. संविधानाने विधिमंडळात जागा राखल्या. उमेदवार ठरविणाऱ्या समितीला मात्र तसे बंधन घातलेले नाही. म्हणून राखीव जागेवरचा आमदार आपला आणि त्याची निवड परक्याची, ही पुणे करारातील अवस्था पक्षांच्या आत टिकून आहे.

तरुण कार्यकर्ते मला विचारतात, कोणत्या पक्षात जावे? माझे उत्तर असे : कोठेही जा, पण सर्वसाधारण जागेवर त्या पक्षाने दलित किती उभे केले आणि निवड समितीत दलित किती, हे आधी विचारा. आणि रिपब्लिकन म्हणवणाऱ्या प्रत्येक गटाच्या कचेरीतही तोच प्रश्न करा : कार्यकारिणीत मातंग किती, चर्मकार किती, बाया किती? दुसऱ्यांना जी कसोटी लावतो ती आपल्याला लावण्याचे बळ नसेल, तर दुसऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकारही आपल्याला उरणार नाही.